फोडणीच्या अलीकडचं, फोडणीच्या पलीकडचं

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांनीच गाळायला सांगितलं आहे. दोन वर्षांपूर्वी लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी ‘लव्हबर्ड’ म्हणून तीन बजी, म्हणजे चिमुकले परदेशी पोपट, घेतले. घरात सासूबाईंचा राघूही आहे, 9 वर्षांचा. पिल्लू असताना तो रानात पंख मोडून पडलेला सापडला होता. दुकानदाराने सांगितलं, फक्त राळा, म्हणजे कांगणीचे दाणे, घाला, बाकी काही लागत नाही. पुण्याचा मावसभाऊ म्हणतो, नुसते दाणे म्हणजे सावकाश विष, परदेशी पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी बनवलेल्या तयार खाण्याच्या गोळ्याच द्या. त्याची किंमत ऐकून ताईंनी विषयच बदलला. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या माहेरचा राघू दूध-पोळी, भिजवलेली डाळ आणि मिरचीवर 14 वर्षं जगला. पाखरं मात्र राळ्याशिवाय कशालाच तोंड लावत नाहीत.

डिसेंबरात वेळ अमावस्येनंतर आठवड्याभरात तिघांतलं एक गेलं. ‘वाटी भरलेली होती, तरी उचललं तेव्हा कापसासारखं हलकं लागलं,’ असं त्या लिहितात. लेकीने अमावस्येच्या दिवशी रानातल्या जेवणाची भज्जी, म्हणजे पालेभाज्या आणि शेंगादाण्यांची मिसळीची भाजी, पाखरांना भरवली होती, म्हणून घरातले सगळे तिला बोलले. आता ताईंचे प्रश्न तीन आहेत. या तिन्हींतलं कोणतं एक खाणं निवडू? पैसे कमी पडतात म्हणून पाखरं माझ्या हातून मरताहेत का? आणि सासूबाईंना सांगू कसं?

ताई,

आधी लेकीचं. भज्जीत मीठ असतं, लसूण असतो, तेल असतं, आणि यातलं काहीच पाखराला द्यायचं नसतं. तेवढं तिला शांतपणे सांगा. पण ‘तुझ्यामुळे गेलं’ हे वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारू नका. तुम्हीच लिहिलंय की पाखरू कापसासारखं हलकं लागलं. बजीच्या छातीवरचं मांस एका घासाने झडत नाही, त्याला दिवस लागतात. वेळ अमावस्येच्या दिवशी ते पाखरू आधीच वाळत चाललेलं असणार, फक्त पिसांच्या आत ते कुणाला दिसलं नाही.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडलो: वाटी भरलेली होती.

हे वाचून झालं की पिंजऱ्यातली वाटी काढा, अंगणात जा आणि वाऱ्याकडे पाठ करून तिच्यावर हळूच फुंकर घाला. बजी दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून सोलतो, गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. संध्याकाळपर्यंत वाटीवर टरफलांचा असा थर बसतो की लांबून ती सकाळइतकीच भरलेली वाटते. रंगही राळ्याचाच. माझ्याकडे पहिली जोडी आली तेव्हा मी तीन दिवस अशाच वाटीकडे बघून ‘आहे की अजून’ म्हणत होतो. चौथ्या दिवशी मादी पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसली. वाटी झटकली तर खाली सात-आठ दाणे होते. ती वाचली, पण फुंकर मारल्यावर टरफलांचा जो ढग उडाला तो अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून आमच्याकडे वाटीत दाणे ‘वाढत’ नाहीत. रोज सकाळी वाटी रिकामी करतो, पुसतो आणि मोजून भरतो.

तुमच्याकडे हेच घडलं असं मी इथे बसून ठामपणे म्हणणार नाही. बजींच्या पोटात एक प्रकारची बुरशी होते. त्यात पक्षी दिवसभर वाटीवर दिसतो, खातो, तरी वाळत जातो. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर ती सापडू शकते. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे. परभणीलाही एक आहे. उरलेल्या दोघांची ताजी विष्ठा आणि शक्य असेल तर दोघांनाही घेऊन एकदा जाऊन या. तिसरं ज्या पिंजऱ्यात वाळलं, त्याच पिंजऱ्यात हे दोघे होते. खाण्यात काहीही बदल करण्याआधी ही एक फेरी करा.

आता तुमचा मुख्य प्रश्न: तिन्हींतलं कोणतं एक? ताई, मला हा ‘एक’ शब्दच खटकतो. तुमच्या घरात कुणाला सकाळ-संध्याकाळ वर्षभर नुसती भाकर वाढली तर चालेल का? भाकर वाईट नाही, पण तिच्यासोबत काही लागतं. राळ्याचं तसंच आहे.

दुकानदार पूर्ण खोटा नाही. बजी मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या गवताळ मुलखातले, गवताच्या बिया हेच त्यांचं मुख्य खाणं. (खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि जाड चोचीचे. आपल्या बाजारात मात्र बजीलाच लव्हबर्ड म्हणायची रीत पडली आहे.) 1840 साली जॉन गूल्ड नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने ते जिवंत इंग्लंडला नेले, आणि तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोचले. पण रानातला बजी दाण्या-पाण्यासाठी थव्यासोबत मैलोन्‌मैल उडतो, वाळलेल्या बीसोबत दुधात आलेलं कच्चं बीही खातो. तुमचा बजी एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर उडतो आणि वर्षभर मोंढ्यातल्या पोत्यातलं तेच वाळलेलं धान्य खातो. धान्य तेच, जगणं वेगळं.

नुसत्या दाण्यांत जे कमी पडतं ते सावकाश दिसतं, म्हणून दुकानदाराला कधीच दिसत नाही. अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मग नाकपुड्या ओल्या राहतात, शिंका येतात, तोंडात पांढरट डाग येतात, आणि सर्दी म्हणून आपण ओवा-हळदीचे उपाय करत बसतो. कॅल्शियम कमी असतं. मादी अंडं घालायला बसते आणि अंडं आतच अडकतं. आयोडीन कमी असतं. बजीच्या गळ्यातली ग्रंथी सुजते, श्वासासोबत बारीक चिरका आवाज येतो, खाल्लेलं वर येतं. या तिन्हींवरचा उपाय दाण्यांच्या पोत्यात नाही, म्हणून पोतं कितीही भारी आणलं तरी फरक पडत नाही.

दाणे बंद करू नका, मिसळा. राळा निम्मा ठेवा. उरलेल्या निम्म्यात बाजरी आणि वरई. अधूनमधून नाचणी. ज्वारी बजीला मोठी पडते, पण जरा भरडून किंवा भिजवून दिली की खातात. एका बजीला दिवसाला दीड ते दोन चहाचे चमचे दाणे भरपूर झाले. करडई आपल्या भागातली, घरात असतेच, आणि पाखरं तिच्यावर तुटून पडतात. पण करडईच्या दाण्यात साधारण 30 टक्के तेल असतं आणि सूर्यफुलाच्या गरात तर निम्म्याच्या आसपास. पिंजऱ्यातल्या पाखराला ते पचवायला उडायचं कुठे असतं? यकृतावर चरबी चढते, पोटावर गाठी येतात, चोच वेडीवाकडी वाढते. करडईचे चार-पाच दाणे हातावर घेऊन भरवा, आठवड्यातून दोनदा. तेवढ्यात ती माणसाळतातही. वाटीत मात्र घालू नका.

दाण्यांबद्दल आपल्याकडच्या घरांना मुद्दाम एक गोष्ट सांगतो. पेरणी झाल्यावर पिशवीत उरलेलं बाजरीचं किंवा ज्वारीचं बी पाखरांना घालू नका. त्याला गुलाबी, लाल किंवा हिरवा रंग असतो, तो बुरशीनाशकाचा. धुतलं तरी नाही. ‘एवढं महागाचं बी, वाया कशाला घालवायचं’ असं म्हणत ते पिंजऱ्यात घातलेलं मी पाहिलं आहे. तुमचा पट्टा सोयाबीनचा. कच्चं सोयाबीनही पाखराला द्यायचं नाही, ते पचत नाही. शेंगदाणे द्यायचेच असतील तर कुबट वास येणारा, काळपट पडलेला एकही नको. ओल लागलेल्या शेंगांवरच्या बुरशीचं विष यकृत खातं, आणि मुठीएवढ्या पाखराचं यकृत ते केवढं!

आता पुण्याच्या भावाचं पेलेट. तो चुकीचं सांगत नाही. चांगल्या पेलेटमध्ये जीवनसत्त्वं, कॅल्शियम आणि आयोडीन बेताने घातलेलं असतं आणि पाखराला त्यातून आवडतं तेवढंच वेचून खाता येत नाही. ज्याला परवडतं आणि ताजं मिळतं त्याने थोडं जरूर द्यावं. पण ‘पेलेट नाही म्हणजे पाखरू मेलंच’ हे तुम्ही मनावर घेतलं आहे, ते काढून टाका. पेलेटवर वाढलेल्या पक्ष्यालाही ताजा पाला लागतोच. आणि ते घ्यायचं ठरलंच तर दाणे एका दिवसात बंद करून पेलेट ठेवू नका. बजीला ते खाणं म्हणून ओळखूच येत नाही. तो भरल्या वाटीपुढे उपाशी बसतो, आणि एवढासा जीव दीड-दोन दिवसांच्या उपाशीपणानेही जाऊ शकतो. महिना-दोन महिने लावून, दाण्यांत चिमूट चिमूट मिसळत न्यायचं.

तुम्हाला जे लागतं त्यातलं बरंचसं तुमच्या घरात रोज येतं. मी एक सोपी खूण धरली आहे: फोडणीच्या अलीकडचं आणि फोडणीच्या पलीकडचं. तुम्ही माळवं निवडायला बसता, ताटात मेथी, कोथिंबीर, गाजर, शेवग्याचा पाला पडलेला असतो, तिथे पाखराचा वाटा काढायचा. कढईत तेल पडलं, मीठ पडलं की पाखराचा त्यावरचा हक्क संपला. लेकीलाही हीच खूण सांगा. ‘हे देऊ नको, ते देऊ नको’ अशी यादी पोरांच्या डोक्यात राहत नाही.

रोजच्यासाठी मी शेवग्याचा पाला पहिला धरेन. अ जीवनसत्त्वाची भर त्यात होते, कॅल्शियम असतं आणि अंगणात झाड असलं तर फुकट. मग मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची आणि उकडलेलं रताळं यांचा बारीक किस. रंग जितका केशरी किंवा गर्द हिरवा तितकं बरं. काकडी पाखरांना आवडते, पण तिच्यात पाण्यापलीकडे फार काही नाही. उन्हाळ्यात द्या. पालक कधीतरीच, तो कॅल्शियम अडवतो. मूग-मटकीला मोड आणताच, त्यातलीच चिमूटभर. बाजरीलाही मोड आणा, रात्रभर भिजवून, उपसून, टोक फुटलं की झालं. शेपट्या लांबेपर्यंत थांबायचं नाही. राजमा, पावटा, घेवडा मात्र कच्चा कधीच नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळूचा हुरडा येतो तेव्हा न भाजलेलं, दुधात आलेलं अर्धं कणीस पिंजऱ्याला बांधा. बजीच्या मूळ रानातल्या खाण्याच्या इतकं जवळचं दुसरं काही तुम्हाला दुकानात मिळणार नाही. गवताची कच्ची कणसंही चालतात, फक्त बांधावर तणनाशक मारलेलं नसावं.

फोडणीच्या अलीकडचे अपवाद पाठ करायला थोडेच आहेत. कांदा आणि लसूण नको. अ‍ॅव्होकॅडो मुळीच नको, तो हल्ली शहरातल्या फळवाल्यांकडे दिसतो म्हणून सांगतो. सफरचंदाच्या बिया काढून टाका. सीताफळाच्याही, आणि त्या तर नक्कीच: त्यांची पूड उवा मारायला वापरत, एवढं सांगितलं की पुरे. चहा, कॉफी, चॉकलेट, बिस्किट, फरसाण यांना फोडणीच्या पलीकडचंच समजा. फळं बजीला थोडी, आठवड्यातून दोन-तीनदा, बोराएवढा तुकडा. पेरू, डाळिंबाचे दाणे, पपई. घरच्या केशर आंब्याची फोड चाटायला दिली तरी हरकत नाही.

‘पण ती तोंडच लावत नाहीत,’ असं तुम्ही म्हणता. खरं आहे. दोन वर्षं ज्याने राळ्याशिवाय काही पाहिलं नाही, त्याला गाजराचा किस म्हणजे वाटीत पडलेला परका कचरा. त्यांना ते आवडत नाही असा अर्थ आपण काढतो. अजून ते खाणं आहे हेच त्यांना कळलेलं नसतं. इथे घाई केली की सगळं बिघडतं.

आमच्याकडे हे असं जमलं. मेथीची छोटी जुडी धुऊन, पाणी न झटकता, पिंजऱ्याच्या छताला उलटी टांगली. पहिले दोन दिवस दोघंही लांबच्या कोपऱ्यात, मान तिरकी करून बघत बसले. तिसऱ्या सकाळी नर जवळ आला, ओल्या पानांत डोकं घुसळलं, मग सगळं अंगच. त्याला ती आंघोळ वाटली. पंख फडफडवत पानांत लोळताना चोचीत एक पान आलं, ते त्याने कुरतडलं, थुंकलं, पुन्हा कुरतडलं. आठव्या-नवव्या दिवशी जुडीचे नुसते देठ राहिले. मादीने त्याचं बघून सुरुवात केली. बजी थव्याचा पक्षी, दुसरा काय खातो यावर त्याचं लक्ष असतं. तुमच्या लेकीला पिंजऱ्यापुढे बसून कोथिंबिरीचं पान मिटक्या मारत खायला सांगा. हसू नका, याचा उपयोग होतो. दुसरी युक्ती: गाजराचा अगदी बारीक किस जरा ओलसर दाण्यांत कालवायचा, म्हणजे दाणा उचलताना गाजर चोचीला चिकटतं. आणि सकाळी पहिला तास ताजं खाणं, मग दाण्यांची वाटी. भूक सकाळी कडक असते. पण तासाभराने दाणे द्यायचेच. उपाशी ठेवून शिकवणं बजीला झेपत नाही. काहींना आठ दिवस लागतात, काहींना तीन महिने.

पाला सुरू झाला की विष्ठा पातळ आणि हिरवट दिसेल. घाबरून बंद करू नका. मधला हिरवा भाग घट्ट असेल, त्यावर पांढरं असेल आणि भोवती फक्त पाणी वाढलं असेल तर ते भाजीतलं पाणी आहे. हिरवा भागच विरघळला, पाखरू पिसं फुगवून बसलं, श्वासासोबत शेपूट वरखाली हलायला लागली, तर मात्र थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आजारी पाखरू शेवटपर्यंत आजार लपवतं.

कॅल्शियमसाठी जडीबुटीच्या दुकानात समुद्रफेस मागा. पांढरा, हलका, एका बाजूने भुसभुशीत, होडीच्या आकाराचा अख्खा तुकडा घ्या, पूड नको. धुऊन, उन्हात वाळवून, भुसभुशीत बाजू आत करून पिंजऱ्याला तारेने बांधा. महिनोन्‌महिने पुरतो. आयोडीनसाठी पक्ष्यांच्या दुकानातला आयोडीन असलेला मिनरल ब्लॉक घ्या. मीठ घालून ते भरून काढायचं नाही. वाळू-खडीची गरज नाही, बजी दाणा सोलून खातो, त्याला दळायला खडे लागत नाहीत. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंबही राहू द्या. पाणी लवकर नासतं आणि चव बदलली की पाखरू पाणीच कमी पितं. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिंजरा पंधरा-वीस मिनिटं ठेवा, अर्ध्यावर सावली करून. काचेतून आलेलं ऊन कामाचं नाही.

पिंजऱ्यात अंडी घालायला मडकं टांगलं असेल, तर ते काढा. दुकानदार जोडीसोबत मडकं देतोच. मडकं दिसलं की मादी अंड्यांवर अंडी घालत राहते आणि तिच्या हाडांतलं कॅल्शियम संपत जातं. पिल्लं नको असतील तर मडक्याचं काही काम नाही.

मार्चनंतर आपल्याकडचा पारा चाळिशीकडे निघतो. तेव्हा ओलं खाणं, मोड, किस, फळ, सगळं दोन तासांत उचलायचं. मोडांना जरासा आंबूस वास आला तरी टाकून द्या. पाणी दोनदा बदला, तुम्ही पिता तेच. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका, धुरापेक्षाही नॉनस्टिक तव्यासाठी सांगतो. तो रिकामा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पाखरू काही मिनिटांत मरतं, आणि तुम्हाला वासही यायचा नाही.

आता पैशांचं. एकच वस्तू विकत घ्या: एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा. पेलेटच्या आधी तो. लेकीला रोज सकाळी, खाण्याआधी, पाखरांना एका छोट्या डब्यात घेऊन वजन करू द्या आणि कॅलेंडरवर लिहू द्या. बजी साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो. 35 चा पक्षी 32 वर आला तर डोळ्यांना काही कळत नाही, काट्याला कळतं. खाणं बदलत असताना वजन दहावा हिस्सा उतरलं तर मागे फिरा, दाणे वाढवा, डॉक्टरला दाखवा. तिसऱ्याच्या वेळी हा काटा घरात असता तर वेळ अमावस्येच्या आधीच काहीतरी दिसलं असतं. हे तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. हा काटा मीही तीन पाखरं गेल्यावरच आणला.

राहिला राघू, आणि त्याच्यासोबत सासूबाई.

सासूबाईंशी बोलताना त्यांचं जे बरोबर आहे तिथून सुरुवात करा. मिरचीचं अगदी बरोबर. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही, तिखटाची जाणीवच त्यांना होत नाही. रानात मिरचीच्या बिया दूरवर नेऊन टाकायचं काम पाखरंच करतात. ताज्या लाल मिरचीत तर राघूला हवं ते अ जीवनसत्त्वही आहे. बजीलाही चालते. भिजवलेल्या डाळीचंही निम्मं बरोबर. डाळीऐवजी मोड आलेला हरभरा दिला की पूर्ण बरोबर. चुकतं ते दूध-पोळीचं. दुधातली साखर पचवायची सोय पक्ष्याच्या पोटात नाही, आणि ओली पोळी दुपारपर्यंत आंबते. माहेरचा राघू 14 वर्षं जगला हे त्यांना मोठं वाटतं. नीट सांभाळलेला राघू 25 वर्षंही जगतो. ‘14 वर्षं जगला’ की ‘14 व्याच वर्षी गेला’, हे एकदा त्यांच्याशी निवांत बोला. भांडायच्या वेळी नको.

राघूला बजीपेक्षा फळं जास्त चालतात. पेरू, जांभूळ, डाळिंब, मोसंबीची फोड. मोसमात हरभऱ्याचे घाटे आणि वाटाण्याच्या शेंगा सोलायला द्या. सोलण्यात त्याचा तासभर जातो, आणि पिंजऱ्यातल्या राघूला करायला काहीतरी असणं हे खाण्याइतकंच गरजेचं. पाला, गाजर, भोपळा, हुरडा हे बजीसारखंच. दाणे थोडे. सूर्यफूल त्याला समोर दिसू देऊ नका, तो बाकी सगळं सोडून तेच मागत बसेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी गाळली तर चुकेल. बजी परदेशी, ते पाळायला मनाई नाही. राघू आपल्या रानातला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे, मग तो जखमी सापडलेला का असेना. म्हणून उद्या पिंजऱ्याचं दार उघडून त्याला सोडूनही देऊ नका. 9 वर्षं माणसात राहिलेला, पंख मोडलेला राघू संध्याकाळपर्यंत मांजराच्या तोंडी जाईल. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, तो कसा सापडला ते खरं खरं सांगा आणि त्याचं पुढे काय करायचं ते त्यांनाच विचारा. सासूबाईंना हे जड जाईल. त्यांना आधी सांगून, फोन त्यांच्यासमोरच करा. तोवर राघूची मिरची आणि घाटे त्यांच्याच हातून जाऊ देत.

बजींच्या वजनांचं कॅलेंडर महिनाभराने लेकीला मला पाठवायला सांगा. फोटो चालेल. मेथीची जुडी कितव्या दिवशी संपली, तेही त्यावर लिहायला सांगा.